चांदणी चौकातला पूल : ‘स्फोट फसला’ हे खरं नाही

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ६०० किलो स्फोटकांनीही पडला नाही, शेवटी जेसीबी आणावे लागले, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो. सोबत ‘जुनं ते सोनं’ हेही ठरलेलंच!

२ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्री एकनंतर स्फोट झाला. काँक्रीट निखळलं, पण लोखंडी सळ्यांचं जाळं काही भागात लोंबत राहिलं. अंदाजापेक्षा पोलाद जास्त निघालं, एवढं खरं. पण स्फोटाने पूल खिळखिळा करायचा आणि राडारोडा यंत्रांनी हलवायचा, हीच या कामाची रीत असते. पोकलेन आधीपासून तयार होते आणि सकाळी महामार्ग सुरूही झाला.

पूल पाडला तो कमकुवत होता म्हणून नव्हे. त्याच्याखाली मुंबई-बंगळूर महामार्ग अरुंद होत होता आणि मुळशी, बावधन, कोथरूडची वाहनंही तिथेच येऊन मिळत होती.

‘पूल पाडला आणि कोंडी संपली’ हेही अर्धसत्य. नव्या रचनेचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ला झालं. गाड्यांची सोय झाली, पादचाऱ्यांना मात्र त्यानंतरही महामार्ग जीव मुठीत धरून ओलांडावा लागत होता.