ओझूचे गुन्हेगारपट म्हणजे नुसती उमेदवारी नव्हे

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या मूकपटांचा विषय निघाला की चांगले जाणकारही ‘हॉलिवूडची नक्कल, उमेदवारीचा काळ’ म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही.

१९३० चा ‘सोनो यो नो त्सुमा’, म्हणजे ‘त्या रात्रीची बायको’, घ्या. पोरगी आजारी आहे. आजची रात्र निभावली तर वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पैशासाठी बाप एका कचेरीत दरोडा घालतो आणि पळताना ज्या टॅक्सीत बसतो, तिचा ड्रायव्हरच निघतो डिटेक्टिव्ह! तो थेट घरी येऊन धडकतो. चोर कोण, हा प्रश्नच उरत नाही. पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका खोलीत घडतो. भिंतींवर परदेशी सिनेमांची पोस्टरं, आजारी पोरीजवळ बाप आणि किमोनो नेसलेली आई दोन्ही हातांत पिस्तुलं रोखून डिटेक्टिव्हवर पहारा देतेय. एमिको यागुमोने ही बाई काय उभी केलीय! पहाटे तिचाच डोळा लागतो आणि डाव उलटतो.

आता हॉलिवूडचं वेड ओझूला होतंच, ते त्याने लपवलेलंही नाही. पण आई, बाप, लेकरू आणि एक खोली, हा पुढे कौटुंबिक सिनेमांसाठी गाजलेल्या ओझूचा सगळा संसार इथेच मांडलेला आहे. फक्त दारात पोलीस आहे.

शेवटी बाप स्वतःहून परत येतो. ही सेन्सॉरपुढची तडजोड, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. १९११ मध्ये ‘झिगोमार’ हा फ्रेंच चोरपट टोकियोत तुफान चालला, पोरं रस्त्यात झिगोमार झिगोमार खेळू लागली आणि पुढच्याच वर्षी पोलिसांनी त्यावर बंदी घातली. पण इथे डिटेक्टिव्ह झोपेचं सोंग घेऊन बापाला निसटू देतो, त्यानंतर बाप परततो. निव्वळ कायद्याची बूज राखायची असती, तर या सोंगाची गरजच नव्हती.

ओझूच्याच १९३३ च्या ‘हिजोसेन नो ओन्ना’मध्ये (इंग्रजीत ‘ड्रॅगनेट गर्ल’) नटी किनुयो तानाका दिवसा टायपिस्ट, रात्री गुंडाची मैत्रीण. सुरुवातीलाच ऑफिसात ओळीने टांगलेल्या हॅट्स दिसतात आणि त्यातली एक आपोआप खाली पडते. शेवटी त्या गुंडाने पळू नये, शिक्षा भोगून नव्याने जगावं म्हणून ती त्याच्या पायावर गोळी झाडते.

फिल्म सोसायटीवाल्यांनो, ओझूचा महोत्सव कृपा करून १९४९ च्या गाजलेल्या ‘लेट स्प्रिंग’पासून सुरू करू नका. पहिल्या दिवशी हे दोन लावा.