रजिस्ट्रीत 0 चा 1 केल्याने हार्डडिस्कचा वेग दुप्पट होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत संगणक दुरुस्त करणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की हार्डडिस्क थेट प्रोसेसरला इंटरप्ट (‘काम झाले, इकडे लक्ष दे’ असा संकेत) पाठवते. तो इतर उपकरणांशी सामायिक असेल तर संकेतांची टक्कर होऊन डेटा बिघडतो. म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) डिस्क कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क संगणकाशी जोडणाऱ्या चिपच्या, ‘एमएसआय सपोर्टेड’ (तारेऐवजी संदेशाने इंटरप्ट पाठवण्याची सोय) या नोंदीत 0 च्या जागी 1 लिहावा, म्हणजे डिस्कचा वेग दुप्पट होतो.

पहिले विधान रुंद केबलने जोडल्या जाणाऱ्या जुन्या आयडीई डिस्कच्या काळात बरेचसे खरे होते. त्या केबलमध्ये यासाठी स्वतंत्र तार असे आणि ती बहुधा 14 किंवा 15 क्रमांकाच्या इंटरप्टला जोडलेली असे. त्यांच्या जागी आलेल्या साटा डिस्कला मात्र अशी तारच नाही. काम संपल्यावर ती कंट्रोलरला एक छोटे पॅकेट पाठवते, कंट्रोलर त्यातील इंटरप्टचा बिट आपल्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या स्मृतीत) नोंदवतो आणि प्रोसेसरला कळवण्याचे काम तोच करतो.

टकरीची भीती तर पूर्णपणे निराधार आहे. पीसीआयची (अशी उपकरणे प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाची) इंटरप्ट तार मुळातच वाटून घेण्यासाठी आखलेली असल्यामुळे कारण दूर होईपर्यंत संकेत टिकून राहतो, आणि त्या तारेवरचा प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या उपकरणाचे रजिस्टर तपासून ‘हा माझा’ किंवा ‘माझा नाही’ असे सांगतो. यात थोडा वेळ जातो, डेटाला धक्का लागत नाही.

आता वेग. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी 8.33 मिलिसेकंदांची असते, म्हणजे हवी ती जागा वाचन-लेखन करणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठीच सरासरी 4.17 मिलिसेकंद थांबावे लागते. इंटरप्ट हाताळण्याचा वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात. तो शून्यावर आणला तरी डिस्कला फरक कळणार नाही. फिरती चकती नसलेल्या वेगवान एनव्हीएमई एसएसडीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे आज्ञांच्या प्रत्येक रांगेला स्वतंत्र इंटरप्ट देता येतो आणि एमएसआय-एक्समध्ये (एमएसआयच्या विस्तारित रूपात) असे 2048 पर्यंत शक्य असतात. पण ती जुळणी ड्रायव्हर स्वतःच करतो.

उलट साटा डिस्क चालवणाऱ्या काही एएचसीआय कंट्रोलरांच्या फर्मवेअरमधील (चिपमध्येच भरलेल्या प्रोग्राममधील) दोषामुळे एमएसआय चालू असताना डिस्कचा वापर 100 टक्के दिसतो, असे मायक्रोसॉफ्टनेच विंडोज 10 बाबत सांगितले होते आणि उपाय म्हणून तिथे 0 लिहायला सांगितले होते. निपाणीच्या एका तंबाखू वखारीतला हिशेबाचा संगणक हा संदेश वाचून ‘सुधारल्यावर’ माझ्याकडे आला, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि वाचन-लेखन जवळजवळ शून्य दिसत होते. मी 1 चा पुन्हा 0 केला, संगणक बंद करून चालू केला, आणि खातेवही नेहमीसारखी उघडली.