डिस्क भरली म्हणून पीजी_वॉल उडवणं बंद करा!

डिस्क भरते, पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर उठत नाही, आणि मग कुठलं फोल्डर किती जागा खातं ते बघायला कुणीतरी डीयू मारतं. सगळ्यात मोठं फोल्डर पीजी_वॉल दिसतं. लगेच आरएम, म्हणजे फायली डिलीट! डोकं फिरतं हे बघून. अरे बाबांनो, त्या टाकाऊ लॉग फायली नाहीत, तो वॉल, म्हणजे राइट-अहेड लॉग आहे. कमिट झालेले पण डेटाफायलींमध्ये अजून न उतरलेले बदल तिथेच असतात. त्या फायली गेल्या की रिकव्हरीला चेकपॉइंट रेकॉर्डच (कुठून सुरुवात करायची त्याची खूण) सापडत नाही आणि जो सर्व्हर थोडी जागा मिळताच उठला असता, तो उठेनासा होतो. पुढे कुणीतरी वॉल कोरा करणारं पीजी_रीसेटवॉल चालवायचा सल्ला देतं. त्यानं सर्व्हर उठतो, पण आतला डेटा धड आहे याची खात्री कायमची जाते. या फोल्डरचं नाव आधी पीजी_एक्सलॉग होतं. लोक ‘लॉग’ बघून ते रिकामं करायचे, म्हणून २०१७ मध्ये आवृत्ती १० ला ते बदललं. तरी आजही तेच चालू आहे!

दुसरा संताप रीस्टार्टचा. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असं लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असताना सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट पुन्हा पुन्हा कशाला मारता? सुरू होताना पोस्टग्रेसला पोस्टमास्टर.पीआयडी ही आपल्या प्रोसेसच्या क्रमांकाची फाइल लिहायची असते, रिकव्हरी संपताना चेकपॉइंट लिहायचा असतो. एक बाइट जागा नाही तर लिहिणार कुठे?

आधी डीएफ -एच मारून शिल्लक जागा बघा, मग डीएफ -आय मारून शिल्लक आयनोड (फाइलसिस्टिममधल्या फायलींच्या नोंदी). जागा शिल्लक असून आयनोड संपले तरी संदेश हाच येतो, आणि तेव्हा मोठ्या फायली शोधण्यात रात्र जाते. मग डेटा डिरेक्टरीच्या बाहेरून जागा काढा. उतरवलेली पॅकेजं साफ करायला एपीटी क्लीन, आणि सिस्टिमचे लॉग छाटायला जर्नलसीटीएलला --व्हॅक्यूम-साइझ=२००एम. डॉकर असेल तर कंटेनरचे जेसन लॉग तपासा. डॉकरची मूळ सेटिंग त्यांना कसलीही मर्यादा घालत नाही, मॅक्स-साइझ आपण द्यावी लागते. ॲप्लिकेशनचा चालू लॉग आरएम करू नका, ट्रंकेट -एस ० करा, म्हणजे फाइल तशीच राहून रिकामी होते. उडवलेली फाइल प्रोसेसनं उघडी धरली असेल तर डीयूमध्ये ती दिसत नाही, पण डीएफचा आकडाही हलत नाही. एलएसओएफ +एल१ मारलं की अशा फायली समोर येतात. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा सुटते.

ईएक्सटी४ फाइलसिस्टिम असेल तर एक हक्काची जागा असते, आणि ती कुणाला आठवत नाही! मूळ सेटिंगनुसार ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखीव असतात. पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे त्याला ते मिळत नाहीत. ५०० जीबीच्या डिस्कवर हे २५ जीबी होतात. ट्यून२एफएस -एम १ आणि पुढे डिव्हाइसचं नाव, एवढं दिलं की त्यातले २० जीबी तिथल्या तिथे मोकळे. अनमाउंट करायची गरज नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर ही सोय नाही.

क्लाउडवर डिस्क वाढवली तरी छळ संपत नाही. रूट डिस्क पूर्ण भरलेली असेल तर पार्टिशन वाढवणाऱ्या ग्रोपार्टला /टीएमपीमध्ये आपलं तात्पुरतं फोल्डर बनवता येत नाही आणि तो तिथेच पडतो. /टीएमपीवर १० एमबीचं टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टिम) माउंट करा, ग्रोपार्ट चालवा, मग फाइलसिस्टिम वाढवायला रीसाइझ२एफएस.

सर्व्हर उठला की लोक सुटकेचा श्वास टाकून झोपायला जातात, आणि दोन दिवसांनी तीच बोंब. वॉल साचला का, हे शोधायचं कोणी? मॅक्स_वॉल_साइझ १ जीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती सक्तीची मर्यादा नाही. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स उघडा. महिन्यांपूर्वी बंद केलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीचा) स्लॉट, म्हणजे त्यानं कुठवर वॉल घेतला त्याची नोंद, तिथे ॲक्टिव्ह = फॉल्स होऊन पडलेला असतो. तो रेप्लिका परत येईल म्हणून पोस्टग्रेस १६ एमबीची एकेक वॉल फाइल जपून ठेवत बसतं. रेप्लिका बंद करणाऱ्याला पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट ही एक ओळ चालवायला काय झालं होतं? स्लॉट काढा, चेकपॉइंट द्या, पोस्टग्रेस स्वतःच जुन्या फायली साफ करेल. स्लॉट ठीक असतील तर पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधला फेल्ड_काउंट बघा. बॅकअपची जागा भरली किंवा पासवर्ड बदलला की वॉल फायली बॅकअपला पाठवणारी आर्काइव्ह_कमांड फसत राहते, आणि आर्काइव्ह न झालेली फाइल पोस्टग्रेस सोडत नाही.

स्लॉटसाठी किती वॉल जपायचा त्याची मर्यादा घालायला आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ आहे, पण तिची मूळ किंमत -१, म्हणजे अमर्याद! डिस्क बघून ५०-१०० जीबी काय ते लिहा. मर्यादा ओलांडली तर तो स्लॉट बाद होईल, रेप्लिका पुन्हा उभा करावा लागेल. पण मुख्य डेटाबेस चालू राहील. आणि डिस्कचा अलर्ट ९५ टक्क्यांवर लावू नका, ८० वर लावा. आयनोडचा वेगळा, आणि बंद पडलेल्या स्लॉटचा त्याहून वेगळा.