‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हणणाऱ्या सेंडवाल्यांनो

मांडवी-जुवारीच्या भरती-ओहोटीचं मॉडेल एमपीआय वापरून (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून त्यांच्यात संदेश पाठवायचं मानक) 400 बाय 400 च्या ग्रिडवर, म्हणजे चौकटींच्या जाळ्यावर, धावलं म्हणून कोड बरोबर आहे, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा आता वीट आलाय. ग्रिड 800 बाय 800 केली की पहिल्याच टाइमस्टेपला सगळं ठप्प. मग सर्व्हरला शिव्या, नेटवर्कला शिव्या, पावसाला शिव्या.

अरे, कोड उघडून बघा ना! ग्रिडचे लगतचे तुकडे सांभाळणारे दोन शेजारी प्रोसेस (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रती), दोघेही आधी सेंड मारतात, म्हणजे कडेची ओळ पाठवतात, आणि मग रिसीव्ह, म्हणजे समोरची घेतात. 400 डबल्सची (8 बाइटच्या दशांश संख्यांची) ओळ म्हणजे 3200 बाइट. एकाच मशीनवरच्या शेअर्ड मेमरीसाठी ओपन एमपीआय या लायब्ररीची ईगर मर्यादा (समोरच्याची वाट न बघता पाठवायच्या संदेशाचा कमाल आकार) मुळात 4096 बाइट. त्यात बसणारा संदेश लायब्ररी स्वतःकडे कॉपी करून घेते आणि सेंड लगेच सुटतो. 800 डबल्स झाले 6400 बाइट. आता समोरच्याचा रिसीव्ह लागेपर्यंत सेंड सुटत नाही, आणि समोरचाही सेंडमध्येच अडकलेला. रायबंदरचा म्हणतो चोडणची फेरी आधी सुटू दे, चोडणचा म्हणतो रायबंदरची सुटू दे, आणि गाड्यांची रांग दोन्ही धक्क्यांवर.

यावर कडी म्हणजे, हाच कोड टीसीपी नेटवर्कने जोडलेल्या दोन मशीनवर मजेत चालतो, कारण तिथली मर्यादा 64 केबी. झालं, ‘शेअर्ड मेमरीच खराब आहे’ असा निष्कर्ष. मग क्षारतेचे 20 थर जोडायचे, 800 × 20 × 8 म्हणजे 1,28,000 बाइट एकदम पाठवायचे, आणि टीसीपीवरही अडकल्यावर डोकं धरून बसायचं.

अडकलेला प्रोसेस ‘टॉप’मध्ये (कोण किती सीपीयू खातोय ते दाखवणाऱ्या यादीत) 100 टक्के सीपीयू दाखवतो, कारण लायब्ररी रिकामी न बसता सतत विचारत राहते, आलं का, आलं का. ते बघून साहेब खूश: ‘हिशेब चाललाय, चवथीपर्यंत निकाल येईल.’ कसला येतोय! जीडीबी हा डीबगर लावा, स्टॅक (कुठल्या फंक्शनमध्ये थांबलाय ती यादी) बघा, दोघेही सेंडमध्येच दिसतील.

उपाय म्हणून काय, तर मध्ये बॅरियर (सगळे पोचेपर्यंत सगळ्यांना थांबवणारा कॉल) टाकला. पात्रांव, सेंडच सुटत नाही तर बॅरियरपर्यंत पोचणार कोण? दुसरा शहाणा ईगर मर्यादा वाढवतो, म्हणजे तोच अपघात मोठ्या ग्रिडसाठी राखून ठेवतो. सेंडला बफर (संदेश तात्पुरता ठेवायची जागा) द्यायचं बंधन एमपीआय मानकात नाहीच. 1994 पासून नाही. परीक्षा सोपी आहे: सगळे सेंड एससेंड (समोरचा घ्यायला लागेपर्यंत न सुटणारा सेंड) करा, लहान ग्रिडवर चालवा. अडकलं तर कोड चुकीचा, विषय संपला. मग सेंडरिसीव्ह (पाठवणं-घेणं एकाच कॉलमध्ये) वापरा, आणि जिथे शेजारी नाही, किनारा आहे, तिथे प्रॉक-नल (‘इथे कोणी नाही’ ही खूण) द्या.

मग येतात बीसेंडवाले, म्हणजे स्वतःच दिलेल्या बफरमध्ये संदेश ठेवून पुढे जाणारे. बफर जोडतात नेमका चार संदेशांचा, 4 × 6400 बाइटचा. प्रत्येक संदेशामागे बीसेंड-ओव्हरहेड (लायब्ररीला लागणारी जादा जागा) मिळवायचा असतो, हे मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलंय. शिवाय मागच्या स्टेपचे संदेश अजून निघाले नसतील तर त्यांचीही जागा धरायला हवी. अपुरं पडलं की एरर-बफर ही चूक, आणि प्रोग्राम आडवा. एमपीआय 4.1 येईपर्यंत, म्हणजे 2023 पर्यंत, एका प्रोसेसला एकच बफर जोडता यायचा. तुमच्या लायब्ररीने आधीच जोडला असेल तर तुमचा जोडणं ही चूकच. आणि तो डिटॅच न करता (लायब्ररीकडून सोडवून न घेता) फ्री करणारे, म्हणजे मेमरी परत देणारे? त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आयसेंडवाल्यांची (पाठवायला सांगून लगेच पुढे जाणाऱ्यांची) तऱ्हा आणखी निराळी. फंक्शनच्या आत लोकल, म्हणजे फंक्शन संपताच मोडणारा, अ‍ॅरे, त्यावर आयसेंड, आणि वेट (काम पुरं होईपर्यंत थांबणं) न करता रिटर्न. किंवा व्हेक्टरवर (वाढत्या यादीवर) पुशबॅक, म्हणजे आणखी एक भर, की तो गेला मेमरीत दुसऱ्या पत्त्यावर, आणि लायब्ररी जुन्या जागेतला कचरा पाठवतेय. काही जण वेट फक्त रिसीव्हवर करतात. प्रत्येक स्टेपला चार आयसेंड, एक लाख स्टेप्स, म्हणजे चार लाख रिक्वेस्ट (अपुऱ्या कामांच्या पावत्या) कोणी सोडवल्याच नाहीत. मेमरी फुगत जाते आणि अर्ज जातो: रॅम कमी पडतेय, वाढवून द्या. चार सेंडच्या, चार रिसीव्हच्या अशा आठही रिक्वेस्ट एका अ‍ॅरेत ठेवा, शेवटी वेटऑल (सगळ्यांसाठी एकदम वेट) करा. एवढंच तर आहे!

मेमरी फुगण्याचं दुसरं कारण रँक शून्य, म्हणजे शून्य क्रमांकाचा प्रोसेस. तो बसलाय फाइल लिहीत, आणि 63 जण त्याच्यावर छोटे संदेश फेकतायत. प्रत्येकी हजार, 3200 बाइटचे: 200 एमबी न मागवलेली डाक त्याच्या दारात. प्रत्येक पन्नासावा संदेश एससेंडने पाठवा, पाठवणारे आपोआप थबकतील. पण नाही, आम्हाला वेग हवा!

फोर्ट्रानवाल्यांनी तर हद्दच केली. एच(आय,:) असा तुकडा (तक्त्यातली एक ओळ) थेट आयरिसीव्हला (आयसेंडसारख्याच, लगेच परतणाऱ्या रिसीव्हला) देतात. ओळ मेमरीत सलग नाही, म्हणून कंपायलर तात्पुरती कॉपी करतो, ती लायब्ररीला देतो आणि कॉल संपताच मोडीत काढतो. डेटा येतो तो त्या मेलेल्या जागेत. ना एरर, ना इशारा. कुंभारजुवे कालव्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी मात्र वेडीवाकडी. मग तीन आठवडे घर्षणाचा गुणांक बदलत बसतात! स्वतःचा सलग बफर घ्या, वेटनंतर त्यातून ओळ भरा, आणि ती फोर्ट्रानसाठीची जुनी एमपीआयएफ-डॉट-एच फाइल काढून तिच्या जागी नवं एफ08 मॉड्यूल लावा.