दाव्याच्या वेळी आपल्या बाजूचं कोण?

आमच्या चिपळूणच्या नातेवाइकांत आणि त्यांच्या ओळखीच्या दुकानदारांत 2021 च्या पुरापासून एक वाद सुरू आहे. विमा कंपनीकडून ‘क्लेम काढून देतो’ म्हणत टक्केवारीवर काम करणाऱ्या सल्लागारांना दारात उभं करायचं की नाही? एका बाजूचं म्हणणं, हे शुद्ध दलाल आहेत, सरकारने यांचा धंदाच बंद करावा. दुसरी बाजू विचारते, मग कंपनीशी भांडायचं कोणी? दिवाळीच्या फोनवरसुद्धा हा विषय निघतो. मी डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत राहते. टेक्सासमध्ये याच कामाला सरकारी परवाना लागतो, आणि गारपिटीच्या या पट्ट्यात त्याचे बरेवाईट दोन्ही परिणाम बघायला मिळतात. बंदी घालणं चूक आहे आणि आज भारतात चाललंय तसं चालू देणं त्याहून मोठी चूक आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझ्या मामेभावाचं तिथे कापडाचं दुकान. पाणी ओसरलं तेव्हा साड्यांचे गठ्ठे चिखल पिऊन इतके जड झाले होते की एकेक गठ्ठा उचलायला दोन माणसं लागत होती. रस्ता मोकळा करायचा म्हणून भिजलेला माल लवकर बाहेर काढावा लागत होता, आणि सर्वेअरने, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या माणसाने, पाहिल्याशिवाय काही फेकू नका असं कंपनी सांगत होती. सर्वेअर आले आणि त्यांनी आधी स्टॉक रजिस्टर मागितलं. ते काउंटरखालच्या खणात होतं, त्याचा लगदा झाला होता. मग खरेदीची बिलं, जीएसटीची विवरणपत्रं, कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. काही सीएकडे सापडलं, काही सुरतच्या व्यापाऱ्यांकडून परत मागवावं लागलं.

आणि हे सगळं जमवूनही खरा फटका बसतो तो वेगळ्याच जागी. दुकानात माल 20 लाखांचा आणि विमा 10 लाखांचाच असेल, तर नुकसान 6 लाखांचं झालं तरी कंपनी 3 लाखच देते. विमा अर्धा, म्हणून भरपाई अर्धी. पॉलिसीत हा ‘सरासरी’चा नियम लिहिलेला असतो, पण बँकेने कर्जासोबत काढून दिलेली पॉलिसी किती दुकानदार वाचतात? 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ केली आहे. त्यापलीकडे गणित तेच. म्हणजे पूर आलेल्या दिवशी दुकानात माल किती होता, हा आकडा जरा वर गेला तरी भरपाई खाली येते. हे समजणारा माणूस त्या खोलीत एकच असतो, आणि तो कंपनीने पाठवलेला असतो.

अशा वेळी एक गृहस्थ पाठीला लॅपटॉपची बॅग लावून बाजारात फिरू लागले. मामेभावाचा मला फोन आला, ‘ताई, वीस टक्के मागतोय, पाच हजार आधी. देऊ का?’ मी त्याला विचारलं, त्याच्याकडे परवाना कसला आहे? त्याने विचारलं, तर त्या गृहस्थांनी एका लग्नाच्या हॉलमध्ये झालेल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दाखवलं. तरीही मामेभावाने पैसे दिले, कारण गरजवंताला अक्कल नसते आणि दुकान बंद असताना बँकेचं व्याज थांबत नसतं. महिनाभराने फोन उचलणं बंद झालं. कागद पुढे सीएनेच लावले. शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराला मात्र दुसऱ्या एका सल्लागाराने खरंच चांगली रक्कम मिळवून दिली, आणि तो आजही त्या माणसाचं नाव आदराने घेतो. म्हणून वाद मिटत नाही. दोघांचेही अनुभव खरे आहेत.

भारतात नुकसान मोजणाऱ्याला परवाना लागतो, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 64 यूएमनुसार ठरावीक रकमेवरच्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेअरनेच करायची असते. 2015 चे त्यांचे स्वतंत्र नियम आहेत, हैदराबादला त्यांची संस्था आहे, परीक्षा आहेत, श्रेणी आहेत. त्यांनी निःपक्षपाती राहावं असं नियम सांगतात. त्यांच्यात सचोटीची माणसं भरपूर आहेत, हे मी ओळखीवरून सांगू शकते. पण त्यांना नेमते कंपनी आणि फी देतेही कंपनीच. सर्वेअरचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. ठीक आहे. पण त्या अहवालातली चूक दाखवायची तर तो वाचता येणारा, घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) आणि सॅल्व्हेज (खराब मालाची उरलेली किंमत) म्हणजे काय ते कळणारा माणूस लागतो. अशा माणसासाठी आपल्या व्यवस्थेत स्वतंत्र परवानाच नाही. विमा ब्रोकरना 2018 च्या नियमांनी काही अटींवर दाव्यांचा सल्ला द्यायची मुभा आहे, पण तालुक्याच्या बाजारपेठेत असा ब्रोकर कोणाच्या पाहण्यात आला आहे? राहता राहिला विमा लोकपाल, म्हणजे विमेदार आणि कंपनी यांच्यातले वाद सोडवणारा अधिकारी. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे नेता येतात. सोय फार चांगली आहे, पण ती भांडण झाल्यानंतरची.

टेक्सासमध्ये चित्र असं आहे. इथे वसंतात गारपीट होते, कधी टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून छप्परवाले दारोदार फिरतात. कंपनीचा अॅडजस्टर, म्हणजे नुकसान मोजणारा, छपरावर चढतो, खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि त्यात गारांचे मार किती लागले ते मोजतो. छपराच्या प्रत्येक उतारावर एकेक चौकोन. मार कमी निघाले तर एकच उतार बदलून देतात, जास्त निघाले तर पूर्ण छप्पर. त्या मोजणीवर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. घरमालकाला ही मोजणी पटली नाही तर तो ‘पब्लिक अॅडजस्टर’ नेमू शकतो. हा माणूस कंपनीचा नसतो, फक्त विमेदाराचा असतो.

2003 च्या कायद्याने टेक्सासने त्याला परवाना सक्तीचा केला. परीक्षा, बोटांचे ठसे, 10,000 डॉलरचा जामीनबाँड. करार लेखी, विमा खात्याने मंजूर केलेल्या नमुन्यातच. सही केल्यावर 72 तासांत विमेदाराला करार मोडता येतो. फी दाव्याच्या रकमेच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. कंपनीने 72 तासांत पॉलिसीची कमाल रक्कम देऊन टाकली, तर टक्केवारी मिळतच नाही, फक्त घातलेल्या वेळेचा मोबदला मिळतो. चिपळूणच्या त्या बॅगवाल्याला यातल्या एकाही अटीतून जावं लागलं नव्हतं. वीस टक्के कुठून आले? त्याच्या मनातून.

पण टेक्सासच्या कायद्यातला सगळ्यात मोलाचा भाग मला फीची मर्यादा वाटत नाही. जो तुमचं छप्पर दुरुस्त करणार, त्याला तुमच्या दाव्याची बोलणी करता येत नाहीत, ही अट मला त्याहून महत्त्वाची वाटते. दाव्याची रक्कम वाढली की दुरुस्तीचं बिलही वाढतं, म्हणून दोन्ही कामं एकाच हातात द्यायची नाहीत. यावर इथे मोठा खटला झाला. स्टोनवॉटर रूफिंग या कंपनीने विमा दाव्यांत आपण माहीर असल्याची जाहिरात केली होती आणि तिच्या करारात विमा कंपनीशी बोलणी करण्याचा अधिकार लिहून घेतलेला होता. नाराज ग्राहक कोर्टात गेले, तेव्हा कंपनीने उलट कायद्यालाच आव्हान दिलं, की हा आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे. जून 2024 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. हा कायदा व्यवसायाचं नियमन करतो, बोलण्यावर बंदी घालत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निकाल आला तेव्हा मला समाधान वाटलं. कारण आमच्या गल्लीत वयस्कर एकट्या राहणाऱ्या शेजारणींना छप्परवाल्यांनी टॅबलेटवर सह्या करायला लावलेल्या मी पाहिल्या आहेत. घराच्या विम्यात गारपिटीसाठी घरमालकाचा वाटा अनेकदा विमारकमेच्या 2 टक्के असतो. पाच लाख डॉलरच्या घरावर तो दहा हजार होतो. ‘तो वाटा आम्ही माफ करतो’ हे आमिष इथे सर्रास चालायचं. 1 सप्टेंबर 2019 पासून तो गुन्हा आहे. इतकं असूनही टेक्सासमध्ये छप्परवाल्याला राज्याचा परवाना लागत नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते. बोलणी करणाऱ्याची परीक्षा घ्यायची आणि छपरावर खिळे ठोकणाऱ्याला मोकळं सोडायचं, हे अर्धवट आहे.

इथला कायदा जसाच्या तसा उचलून भारतात न्यावा, असं मी म्हणत नाही. फ्लोरिडाकडे पाहिलं की सावध व्हायला होतं. तिथे पब्लिक अॅडजस्टरला साधारण दाव्यात 20 टक्क्यांपर्यंत आणि चक्रीवादळासारख्या जाहीर आपत्तीत पहिलं वर्षभर 10 टक्क्यांपर्यंत फी घेता येते. रात्री आठनंतर आणि रविवारी गिऱ्हाईक मागायला जायचं नाही, असाही नियम आहे. तरीही तिथे वकील, दुरुस्तीवाले आणि दावेवाले यांची साखळी तयार झाली. राज्याच्या विमा नियामकाने दिलेल्या आकड्यांनुसार 2019 मध्ये देशातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे 8 टक्के दावे फ्लोरिडातले, पण खटल्यांपैकी सुमारे 76 टक्के खटले फ्लोरिडातले. शेवटी 2022 च्या अखेरीस राज्याने दाव्याचे हक्क दुरुस्तीवाल्याच्या नावे लिहून देण्याची पद्धतच नव्या पॉलिसींसाठी बंद केली. कंपन्या या आकड्यांचं भांडवल करतात, हे मला ठाऊक आहे, आणि फ्लोरिडातल्या कंपन्यांनी लोकांना दिलेला त्रासही खरा आहे. पण टक्केवारीवर काम करणाऱ्याला दावा फुगवण्याचा मोह असतो, हे नाकारता येत नाही. अलाबामाने तर हे काम म्हणजे विनापरवाना वकिली ठरवून दारच बंद केलं आहे. तो मार्ग मला पटत नाही. दार बंद केलं की घरमालक एकटा पडतो, कंपनीचा माणूस एकटा पडत नाही.

मग महाराष्ट्रासाठी काय हवं? आयआरडीएआयने, म्हणजे देशाच्या विमा नियामकाने, विमेदाराच्या प्रतिनिधीला वेगळा परवाना द्यावा. निवृत्त सर्वेअर, सीए, सिव्हिल इंजिनिअर यांच्यातून अशी माणसं सहज उभी राहतील. दुरुस्तीचं काम, भिजलेल्या मालाची खरेदी आणि पॉलिसी विकण्याचा धंदा, यांपैकी कशाशीही त्या माणसाचा संबंध नसावा. आगाऊ रक्कम घेण्यावर बंदी हवी. आणि फी टेक्साससारखी सगळ्या रकमेवर नको. इथे मला ते नेहमी खटकतं, की कंपनी जे कबूल करणारच होती त्यावरही दहा टक्के जातात. सर्वेअरचा पहिला आकडा लेखी घ्यावा आणि त्याच्या वर जे मिळवून देईल त्यावरच टक्केवारी द्यावी. मग ज्याच्या दाव्यात खरंच दम आहे, अशाच माणसाचं काम तो घेईल.

याने लहान दुकानदार उपाशी राहील, हा आक्षेप मला मान्य आहे. पन्नास हजारांच्या दाव्यात कोणाला रस असणार? तिथे व्यापारी संघटनांनी वर्षाच्या ठरावीक मानधनावर एक परवानाधारक माणूस नेमावा. पाणी यायच्या आधीच त्याने दुकानांच्या पॉलिसी वाचून विमा कमी पडतोय का ते सांगावं. मामेभावाला पाच वर्षांत हे एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. पीकविम्याचा प्रश्न मात्र याने सुटणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. 2025 पासून राज्यात भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. एका शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बोलणी करण्याला तिथे जागाच उरलेली नाही. ते भांडण वेगळं आहे आणि सरकारशी आहे.

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट आजही करता येते. सर्वेअरच्या अहवालाची प्रत विमेदाराने मागितली तर कंपनीला द्यावी लागते. मामेभावाला हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याच्या ओळीतल्या बहुतेक दुकानदारांना आजही माहीत नसावं. मागणी लेखी करा, ईमेलने करा, तारीख टाका. त्या अहवालात पुराच्या दिवशीच्या मालाची किंमत काय धरली आहे, ते सीएकडून तपासून घ्या. आकडा चुकीचा वाटला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. कंपनीने नकार दिला किंवा महिन्याभरात उत्तरच दिलं नाही, तर मग लोकपालाकडे.