पॅरामाउंट रेकॉर्ड्स: सिनेमावाल्यांची नव्हे, खुर्च्यांच्या कारखान्याची

मा रेनी, चार्ली पॅटन या गायकांच्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) तबकड्या हॉलिवूडच्या पॅरामाउंट पिक्चर्सने काढल्या, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. त्या काढणारी पॅरामाउंट रेकॉर्ड्स ही विस्कॉन्सिन चेअर कंपनी या अमेरिकेतल्या खुर्च्यांच्या कारखान्याची. फोनोग्राफची (तबकडी वाजवायच्या यंत्राची) लाकडी कॅबिनेटं बनवता बनवता हा कारखाना रेकॉर्ड्सकडे वळला. जुन्या तबकडीचं लेबल जवळून पाहा: नाव 'न्यूयॉर्क रेकॉर्डिंग लॅबोरेटरीज', पण पत्ता पोर्ट वॉशिंग्टन, विस्कॉन्सिन. ब्लूजची मालिका १२००० क्रमांकापासून चालते. तबकडीसाठी वापरलेलं शेलॅकचं (लाखेचं) मिश्रण हलक्या प्रतीचं, म्हणून नव्या तबकडीतही खरखर. निव्वळ सुई बदलून ती जात नाही. १९५५ची एबीसी-पॅरामाउंट ही रेकॉर्ड कंपनी निराळीच, तिचा या कारखान्याशी संबंध नाही.