‘ब्लड अँड सँड’ आणि गॅलरीत बसलेले आपण

कॉलेजात असताना ‘ब्लड अँड सँड’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या लक्षात राहिली ती फक्त रिटा हेवर्थ, आणि त्याबद्दल मला फारसा पश्चात्तापही नाही. परवा रुबेन मामुलियन यांचा हा १९४१ सालचा चित्रपट पुन्हा पाहिला, आणि इतकी वर्षे आपण त्याकडे चुकीच्या बाजूने पाहत होतो असे वाटले.

कथा सांगायला सोपी आहे. स्पेनच्या सेव्हिल शहरातला हुआन गायार्दो (टायरोन पॉवर) हा एका मॅटाडोरचा, म्हणजे रिंगणात बैलाशी झुंजणाऱ्याचा, मुलगा. बाप रिंगणात मेलेला, आई लोकांच्या फरशा घासून घर चालवणारी, आणि मुलाला अक्षरओळखही नाही. तो माद्रिदला पळतो, नाव कमावून परततो, बालमैत्रीण कार्मेनशी लग्न करतो, पुढे दोन्या सोल (रिटा हेवर्थ) नावाच्या श्रीमंत, खानदानी स्त्रीच्या नादी लागतो आणि सरावाकडे, घराकडे आणि पैशाकडे दुर्लक्ष करत अखेर बापाच्याच वाटेने जातो. बाईपायी वाया गेलेला मर्द, असे या चित्रपटाचे सार बहुतेक जण सांगतात. मला ते पटत नाही. दोन्या सोल फार तर काम उरकायची घाई करते. हुआनचा घात तिच्या येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

त्याचा पुरावा म्हणजे गाराबातो. हा एके काळचा मॅटाडोर भणंग अवस्थेत हुआनकडे येतो आणि त्याचा नोकर होतो. ज्याच्यात आपले भविष्य उभे आहे त्याच माणसाच्या सोबतीने हुआन वावरतो, पण त्याला ते दिसत नाही. दुसरा पुरावा म्हणजे बैलझुंजींचा समीक्षक कुर्रो. लेर्ड क्रेगर या नटाने तो इतका तेलकट गोडव्याने उभा केला आहे, की रिंगणातल्या जनावरापेक्षा याचीच धास्ती वाटते. हुआन नवखा असताना कुर्रो त्याची टर उडवतो, तो वर चढल्यावर त्याच्यावर स्तुतिसुमने उधळतो, आणि त्याची पकड सुटताच अँथनी क्विनने रंगवलेल्या मानोलो या दुसऱ्या मॅटाडोरकडे वळतो. यात हुआनची निरक्षरता मला फार बोचली. स्वतःबद्दल छापून आलेले त्याला स्वतःला वाचता येत नाही. आपण कोण आहोत हे त्याला कायम दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागते. अशा माणसाला टाळ्यांखेरीज दुसरा आरसा कुठला असणार?

हा विचार मामुलियन यांचा एकट्याचा नाही. व्हिसेंते ब्लास्को इबान्येस यांच्या १९०८ सालच्या मूळ कादंबरीचे शेवटचे वाक्य रिंगणाबाहेर गर्जणाऱ्या गर्दीलाच खरे श्वापद ठरवते. १९२२ साली फ्रेड निब्लो यांनी रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन याच कादंबरीवर मूकपट केला होता, आणि त्यात संकलक डोरोथी आर्झनर यांनी माद्रिदमधल्या खऱ्या झुंजींची दृश्ये नायकाच्या दृश्यांत बेमालूम जोडली होती. व्हॅलेंटिनोच्या डोळ्यांत जे झपाटलेपण आहे ते टायरोन पॉवरपाशी नाही, हे मान्य करायला हवे. पॉवर जरा जास्तच देखणा आणि सभ्य वाटतो. मात्र उंचावर पोहोचलेला हुआन आतून पोकळ आहे हे त्याच्या गुळगुळीत चेहऱ्यामुळेच अधिक जाणवते, असे दुसऱ्यांदा पाहताना मला वाटले.

मामुलियन यांची खरी करामत रंगांत आहे. तीनरंगी टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीने बनलेला ‘बेकी शार्प’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट त्यांनीच १९३५ साली केला होता. ‘ब्लड अँड सँड’साठी त्यांनी थेट मुरिलो, गोया, एल ग्रेको, व्हेलास्केस अशा चित्रकारांचे रंग डोळ्यांसमोर ठेवले आणि सेटवर रंगाचे फवारे घेऊन मनासारखी छटा येईपर्यंत वस्तू रंगवल्या. अर्नेस्ट पामर आणि रे रेनहान यांना या छायालेखनाचे ऑस्करही मिळाले. रिटा हेवर्थचाही हा पहिलाच टेक्निकलर चित्रपट. सेव्हिलच्या परिसरातून आलेल्या नर्तकाची ही मुलगी, जन्माने मार्गारिता कान्सिनो. हॉलिवूडने आधी तिचे स्पॅनिश रूप पुसून टाकले आणि मग केस तांबडे करून तिला स्पॅनिश मोहिनी म्हणून उभे केले. या विनोदावर कुर्रोने एक झकास लेख लिहिला असता.

प्राण्यांवरचे क्रौर्य दाखवण्यावर त्या काळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेची बंधने होती. त्यामुळे बैलाचे मरण आपल्याला जवळजवळ दिसतच नाही आणि डोळ्यांत भरतात ते भरजरी पोशाख आणि गर्दी. ही पळवाट आहे असा आक्षेप घेता येईल, आणि बैलाच्या बाजूने पाहिले तर तो रास्तही आहे. पण नाइलाजाने का होईना, कॅमेरा गॅलरीकडे वळतो. नाटकाच्या थिएटरात ‘वन्स मोअर’ची आरोळी ठोकणाऱ्या माणसाला नटाचा घसा बसला आहे की नाही याची फिकीर नसते. इथली आरोळीही त्याच जातीची आहे, फक्त तिची किंमत फार जास्त आहे.

शेवटी हुआन कार्मेनच्या मिठीत प्राण सोडतो आणि बाहेर मानोलोच्या नावाचा जयजयकार चालू असतो. मानोलो लवून अभिवादन करतो, आणि त्याच्या जवळच वाळूवर हुआनच्या रक्ताचा डाग असतो. मी तो प्रसंग थांबवून पुन्हा मागे नेला आणि पाहिला, कारण पिवळ्या वाळूवर तो लाल डाग फार सुंदर दिसत होता. त्याची नेमकी छटाही मामुलियन यांनी नक्कीच निवडून घेतली असणार.